डॅन्यूबकाठी दिलेला शब्द

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातल्या गुरुवारच्या बाजारात त्स्वेचगन येतात. आलुबुखाराचीच ही एक लांबट, निळी जात. अंगावर राखेसारखी पांढरी झाक असते. बोट फिरवलं की ती पुसली जाते आणि खालचा काळसर जांभळा रंग उघडा पडतो. लाकडी खोक्यांवर गांधीलमाश्या घोंगावत असतात, विकणारी बाई त्यांना न हाकलता उघड्या हातांनी फळं पिशवीत भरते, आणि हवेत आंबटगोड, जरासा आंबलेला वास भरून राहतो. हॅनोव्हरमध्ये उन्हाळा संपल्याचं मला या वासावरून कळतं. मग अंगावर जॅकेट चढतं, सायकलच्या सीटवर सकाळचं दव साचतं, आणि संध्याकाळ रोज थोडी थोडी आखडत जाते.

इथले बाकीचे ऋतू मी आता आपलेसे केलेत. बर्फही. या एका ऋतूशी मात्र माझं बिनसलं आहे. सात वर्षं झाली. त्या वर्षी माझे सासरे आमच्याकडे तीन महिने राहायला आले होते.

आम्ही राहतो ती इमारत चार मजली, जुनी. मागे होफ आहे, म्हणजे सगळ्यांचं सामाईक अंगण. तिथे सायकली लावायचा मांडव, कचऱ्याचे चार रंगांचे डबे आणि कोपऱ्यात त्स्वेचगनचं एक झाड. तळमजल्यावर फ्राऊ लुकिच राहायच्या. एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सकाळची पाळी करून दुपारी दोनला घरी यायच्या. माझी मुलगी ईरा तेव्हा सात वर्षांची होती. शाळेनंतर ती होर्टमध्ये, म्हणजे पाळणाघरात जायची. ते चारला बंद व्हायचं, आणि संदीप आणि मी ऑफिसातून साडेपाचच्या आत कधी सुटत नसू. तो दीड तास फ्राऊ लुकिच यांनी आपणहून अंगावर घेतला होता. त्या ईराला आणायच्या, हात धुवायला लावायच्या, पावावर जांभळा मुरंबा फासून द्यायच्या. आमचा सगळा संसार त्या दीड तासावर उभा होता, हे मी तेव्हाही जाणून होते.

त्या मूळच्या डॅन्यूबच्या काठच्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात आणि त्यांना आपापसांत राहायचं आहे. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा नदीलगतचा तो सुपीक पट्टा सर्बांनी लढून ताब्यात घेतला. तिथल्या क्रोएशियन लोकांना घरंदारं सोडून पळावं लागलं. चार-पाच वर्षांनी करार झाला की पट्टा क्रोएशियाला परत जाईल, पण बंदुकीच्या जोरावर नाही. मधली दोन वर्षं शांतिसेना कारभार पाहील, हत्यारं गोळा करेल, निवडणूक घेईल, पळालेल्यांना परत आणेल आणि राहिलेल्या सर्बांना सांगेल की तुम्हीही राहा. लुकिच कुटुंब सर्ब होतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावचं.

एवढं सगळं मला कळलं ते फ्राऊ लुकिच यांच्याकडून नव्हे. त्या स्वतःबद्दल फार बोलत नसत. मला ते पुढे बाबांकडून कळलं. संदीपचे वडील, आमचे बाबा, महसूल खात्यात नायब तहसीलदार होते. कराडकडच्या भागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवडणुकीच्या कामात त्यांचा हातखंडा. त्या जोरावर पन्नाशीच्या जरा अलीकडे असताना त्यांची त्या शांतिमोहिमेत निवड झाली. लष्करी नव्हे, नागरी काम: मतदारयाद्या, मतदान केंद्रं, स्थानिक शिक्षकांना प्रशिक्षण. एक पूर्ण हिवाळा आणि एक वसंत ते तिथे होते. घरात त्या दिवसांचा एक फोटो होता. पांढऱ्या जीपला टेकून उभे असलेले बाबा, पाय बर्फात, डोक्याला माकडटोपी आणि अंगात सासूबाईंनी विणलेला तपकिरी स्वेटर. लग्नानंतर पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. बाबाही हसले होते. पुढे काही सांगितलं नव्हतं.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये बाबा इथे आले. एकटे. सकाळी सहाला उठून स्वतःचा चहा स्वतः करत, कप धुऊन पालथा घालत आणि खिडकीशी बसून होफमध्ये बघत राहत. घरात आपला भार कुणाला वाटू नये याची त्यांना फार काळजी. ईराशी ते मराठीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि दोघांचं कुठे अडत नसे.

पहिल्याच आठवड्यात जिन्यात आम्हाला फ्राऊ लुकिच भेटल्या. त्या फोनवर मुलीशी त्यांच्या भाषेत बोलत होत्या. बाबा थबकले. त्यांचा फोन संपेपर्यंत कठड्याला धरून उभे राहिले आणि मग वाकून म्हणाले, "दोबार दान." त्या भाषेतला नमस्कार.

फ्राऊ लुकिच यांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. यांना हे कुठून येतं, असं त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं. मी बाबांना विचारलं, त्यांनी गावाचं नाव सांगितलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "तपकिरी स्वेटर?"

त्या हिवाळ्यात त्यांच्या गावात एकच भारतीय आला होता. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली होती. त्या सभेत त्या होत्या.

मला ही केवढी गंमत वाटली. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. जग किती लहान, वगैरे. बाबांनी मात्र रात्रीच्या भाताला फक्त हात लावला.

नंतर मात्र ते रोज दुपारी खाली जाऊ लागले. होफमध्ये दोन खुर्च्या पडल्या. त्यांच्याकडे त्या भाषेचे पाऊणशे शब्द होते, फ्राऊ लुकिच यांच्याकडे इंग्रजीचे त्याहून कमी. पण भाजी निवडायला, सायकलची साखळी चढवायला, झाडाला किती फळ धरलंय हे दाखवायला किती शब्द लागतात? मी घरी असले तर मधे उभी राहून दुभाष्याचं काम करायची. ते मला आवडायचंही. दोन म्हातारी होत चाललेली माणसं माझ्या तोंडून बोलतात, यात थोडा अभिमान होता. थोडा जास्तच असेल.

बाबा संध्याकाळी मला तिथल्या गोष्टी सांगू लागले; सासूबाईंनाही कधी सांगितल्या नसाव्यात अशा. एकदा एक क्रोएशियन म्हातारा बसमधून आला. शांतिसेनेच्या पहाऱ्यात, दोन तासांसाठी, फक्त आपलं घर बघायला. घरात दुसरंच सर्ब कुटुंब राहत होतं; तेही कुठून तरी हाकललेलं. म्हातारा फाटकाबाहेर उभा राहिला आणि आतल्या बाईकडे परवानगी मागितली, की मागच्या अक्रोडाला हात लावू का? ती बाई रडायला लागली. तिने त्याला आत घेतलं, कॉफी दिली. त्याच्याच कपात. "आता सांग मीनल," बाबा मला म्हणाले, "या दोघांत घर कुणाचं लिहायचं? मी आयुष्यभर सातबारे पाहिले. त्या दिवशी मला काही सुचलं नाही."

ती मोहीम यशस्वी झाली असं सगळीकडे म्हणतात. पट्टा परत गेला आणि युद्ध झालं नाही. अशा मोहिमांच्या इतिहासात हे फार क्वचित घडतं, आणि बाबांनाही त्याचं मोल होतं. ते म्हणत की ज्यांनी हे घडवलं त्यांना मी वाकून नमस्कार करतो. पण बातमी तिथे संपली, आणि माणसं तिथून पुढे जगत राहिली. कुणी परत आलं, कुणी परत येऊन राहू शकलं नाही. कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कपाट, कोंबड्या आणि आजी बसवून नदीपलीकडे निघून गेलं. गोळी न झाडता गाव रिकामं होतं तेव्हा त्याचा आवाज होत नाही.

सप्टेंबरमध्ये झाड भरून आलं आणि एका शनिवारी फ्राऊ लुकिच यांनी होफमध्ये मुरंबा घातला. त्यांच्याकडे त्याला पेकमेझ म्हणतात. साखर अजिबात नाही. फळं फोडून, बिया काढून, मोठ्या पातेल्यात मंद आचेवर दिवसभर ढवळायची. बाबांना गुऱ्हाळाची आठवण झाली. लहानपणी त्यांच्या मळ्यावर काहील चढायची तेव्हाची. ते ढवळायला बसले. गुळव्या कसा काहिलीतला रस फावड्यावरून पाडून त्याची तार बघतो, ते त्यांनी लाकडी पळीने करून दाखवलं. फ्राऊ लुकिच म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, आमची सासूही असंच बघायची." ईरा एका खुर्चीवर पाय हलवत बिया मोजत होती. वाफेचा वास जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत चढला होता. वरच्या मजल्यावरच्या एरवी तक्रारखोर आजोबांनी खिडकीतून एक बरणी आपल्यासाठी ठेवायला सांगितलं. तितका सुखाचा दिवस आम्हाला त्या होफमध्ये पुन्हा मिळाला नाही.

दुपारी पातेल्याखालची आच मंद केल्यावर त्या आतून फोटोंचा अल्बम घेऊन आल्या. घर, अंगण, द्राक्षांचा मांडव. खाटेवर उशांना टेकलेली सासू. आणि नवरा, ड्रागन, जो हॅनोव्हरला आल्यावर सहा वर्षांनी वारला होता. बाबांनी तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मग ते माझ्याशी मराठीत बोलले. आवाज अगदी साधा होता. ऑफिसात फाईल पुढे सरकवताना असावा तसा.

"मीनल, हा माणूस त्या सभेत शेवटच्या बाकावर होता. त्यानेच मला विचारलं होतं की तुम्ही गेल्यावर आमचं काय? अशा वेळी काय उत्तर द्यायचं हे आम्हाला लिहून दिलेलं होतं, की पोलीस आहेत, कायदा आहे. मी ते वाचलं नाही. मी म्हणालो, मी कुठे जात नाही, तुम्ही राहा, हा माझा शब्द आहे. आणि माझं परतीचं तिकीट तेव्हा माझ्या खिशात होतं. हे त्यांना सांग. असंच सांग. सांग की तो शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता आणि तो खोटा आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. त्यांचं पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे. मला त्यांची माफी मागायची आहे."

फ्राऊ लुकिच माझ्याकडे बघत होत्या. हातात पळी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर तो दिवसभराचा मोकळेपणा.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आज लपवत नाही. आधी आलं की इतक्या चांगल्या दिवसाचा विचका होईल. लगेच त्यामागून आलं की यांना जाणूनबुजून खोटी आशा दाखवणारा माणूस आमच्या घरातला आहे, हे कळल्यावर त्या ईराला सांभाळतील का? माझ्यापुढे सोमवार दिसत होता. होर्टचं चारला बंद होणारं दार दिसत होतं. नोव्हेंबरमध्ये माझ्या प्रोजेक्टची डिलिव्हरी होती.

मी जर्मनमध्ये म्हणाले, "ते म्हणतात, त्यांना तुमच्या गावाची फार आठवण येते. तुम्हाला गाव सोडावं लागलं याचं त्यांना वाईट वाटतं."

फ्राऊ लुकिच हसल्या. त्यांनी बाबांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या की त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका, खूप जुनी गोष्ट झाली. मग त्या पातेल्याकडे वळल्या, कारण बूड लागत होतं.

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच म्हणाल्या?"

"हो बाबा. एवढंच."

त्यांनी मान हलवली. फोटो अल्बममध्ये जागेवर नीट बसवला, चारी कोपरे दाबून. उठले आणि म्हणाले, जरा पडतो.

संध्याकाळी ईराला आंघोळ घालताना ती जर्मनमध्ये म्हणाली की आजोबांनी तसं नव्हतं सांगितलं, तू दुसरंच सांगितलंस. तिला दोन्ही भाषा कळत होत्या हे मी विसरूनच गेले होते. मी तिच्या डोक्यावर पाणी ओतत म्हणाले की मोठ्या माणसांच्या गोष्टी जरा गोल करून सांगाव्या लागतात, कुणाला लागू नये म्हणून. आणि हे कुणाला सांगायचं नाही. ती जर्मनमध्ये "या" म्हणाली. हो म्हणाली. आज ती चौदा वर्षांची आहे. मी काही सांगितलं की ती कधी कधी माझ्याकडे एक क्षण जास्त बघते, आणि तेवढ्यात मला ती बाथटबमधली सात वर्षांची पोर दिसते.

त्यानंतर बाबा खाली फारसे गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. फ्राऊ लुकिच दोनदा वर येऊन गेल्या, एकदा बरणी घेऊन. बाबांनी उठून, हात जोडून ती घेतली, त्यांच्या भाषेत आभार मानले, आणि पुन्हा खिडकीशी बसले. मला वाटलं, परतीचे दिवस जवळ आलेत, मन उडालं असेल. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. त्यांनी ती बरणी दोन टॉवेलांत गुंडाळून बॅगेत घेतली होती.

घरात भांडण होऊ न देणं, कुणाला बोचेल ते जिभेवरच अडवणं, दोन माणसांच्या मधे उभं राहून दोघांना हसतं ठेवणं, हे मला माहेरी शिकवलेलं. त्याला समजूतदारपणा म्हणतात. मी त्यात हुशार होते. पण शांतता राखणं आणि तडजोडीने खऱ्यावर झाकण ठेवणं यांतला फरक, इतकी वर्षं निवडणुकीच्या पेट्या सील करणाऱ्या एका साध्या सरकारी माणसाला कळला होता. मला कळला नाही. त्यांनी आपल्या खोट्या शब्दाचा भार वीस वर्षं उचलून अखेर तो ज्याचा त्याला द्यायला हात पुढे केला, आणि मधे मी उभी होते.

पुढच्या पाच वर्षांत ते दर रविवारी फोनवर असायचे. ईराचा अभ्यास, संदीपचा रक्तदाब, इथली थंडी. आणि फोन ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, लुकिचबाई कशा आहेत? मी म्हणायची, छान आहेत, तुमची आठवण काढतात. ते म्हणायचे, अस्सं. एकदोनदा त्यांनी विचारलं, काही बोलल्या का? मी विचारायची, कशाबद्दल बाबा? ते म्हणायचे, नाही, सहजच. सांगायला मला किती रविवार मिळाले. दर वेळी वाटायचं, आता फोनवर नको, ते पुन्हा येतील तेव्हा समोरासमोर सांगू. ते पुन्हा आले नाहीत. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात कराडला सकाळी अंगणात पेपर वाचताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

यंदा ऑगस्टमध्ये फ्राऊ लुकिच यांनी सांगितलं की त्या सप्टेंबरअखेर कासेलला मुलीकडे राहायला जाणार. नोकरी संपली, जिना नको वाटतो, मुलीच्या घरी खालची खोली आहे. ईराला तर आता कुणी सांभाळायला नको. ज्या भीतीपायी मी ते केलं ती भीती कधीच जुनी होऊन गळून पडली होती, आणि तरी मी गप्प होते.

गेल्या गुरुवारी बाजारात त्स्वेचगन आले. मी पिशवी घेऊन उभी राहिले आणि काही न घेता परत फिरले. घरी वर न जाता सरळ तळमजल्याची घंटा वाजवली.

खोलीभर खोकी होती. त्या भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. बाबांनी त्या दिवशी म्हटलेलं सगळं सांगितलं: शेवटचा बाक, खिशातलं तिकीट, खोटा शब्द, माफी. मग मी त्याऐवजी काय सांगितलं होतं तेही सांगितलं.

त्यांनी हातातली बशी खोक्यात ठेवली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

"ते जाणार हे सगळ्या गावाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "शांतिसेना म्हणजे पाहुणे. ड्रागनने मुद्दाम विचारलं, बघू या काय म्हणतो. बाकीचे सगळे कागद वाचायचे. हा एकटा आमच्याकडे बघून म्हणाला, राहा. तो खोटं बोलतोय हे त्याच्या कानांवरून कळत होतं, लाल झाले होते. आम्ही घरी येऊन हसलो. आणि निघायला म्हणून ट्रॉलीत भरलेलं सामान उतरवलं."

मग त्या पुढचं सांगत गेल्या. त्यानंतर लुकिच कुटुंब तिथे सव्वा वर्ष राहिलं. ते दिवस सोपे नव्हते. ड्रागनची नोकरी गेली, कुणी तरी दोनदा काचा फोडल्या, दुकानात कुणी बोलेना. पण समोरच्या घरात परत आलेली क्रोएशियन बाई, जिला या सगळ्याचा राग धरायचा पुरता हक्क होता, ती एके दिवशी सासूसाठी सूप घेऊन आली. सासू अंथरुणाला खिळलेली होती. ट्रॉलीतून नेली असती तर वाटेतच गेली असती. ती गेली ती आपल्या खाटेवर, आपल्या खिडकीपाशी, त्या सूपवाल्या शेजारणीचा हात धरून. मग यांनी कुलूप लावलं आणि निघाले.

"त्याच्यामुळे आम्हाला ते वर्ष मिळालं," फ्राऊ लुकिच म्हणाल्या. "त्या दिवशी तू सांगितलं असतंस तर मी त्याला हे सांगितलं असतं. मी त्याचे आभार मानले असते. मला वाटायचं, सभेत आम्हाला काय म्हणाला ते त्याला आठवतसुद्धा नसेल, म्हणून मी विषय काढला नाही." मग त्यांनी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"मला भीती वाटली. तुम्ही ईराला सांभाळायचं बंद कराल म्हणून."

"आल्झो, असं तर," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "ती दोन वर्षांची असताना जिन्यावरून पडली होती, तेव्हा तिला पहिल्यांदा उचललं कुणी? मी. तुला असं वाटलं?"

मी भांडी गुंडाळायला हात पुढे केला. त्यांनी नको म्हटलं नाही. निघताना दाराशी त्या म्हणाल्या, त्याने ते कसं सांगितलं होतं ते मला ऐकव. त्याच्या भाषेत. मी मराठीत सगळं पुन्हा म्हटलं, सात वर्षं पाठ असल्यासारखं, बाबांच्याच क्रमाने. त्यांना एक शब्द कळला नाही. त्या दाराची चौकट धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

संध्याकाळी ईरा क्लासला गेल्यावर मी संदीपला सगळं सांगितलं. इतकी वर्षं त्यालाही सांगितलं नव्हतं. तो कांदा चिरत होता. सुरी खाली ठेवून तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"बाबा मला म्हणाले होते," तो म्हणाला. "मी शेवटचा कराडला गेलो होतो तेव्हा. म्हणाले, लुकिचबाईंची मी माफी मागितली, पण त्यांनी माफ केलं नाही. नुसतं वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या. म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं. आणि मीनलला हे सांगू नकोस, ती मधे उभी होती, तिला उगाच अवघडल्यासारखं होईल."

कढईतलं तेल तापून धुरकट झालं होतं. मी गॅस बंद केला. मग मी त्याला फ्राऊ लुकिच यांचं उत्तर सांगायला लागले, पहिल्या वाक्यापासून, एकही शब्द न गाळता.